पोह्यांनंतर अर्धा तास

सोनईच्या त्या घरात मी लाळेचा नमुना घ्यायला गेले होते, नवरा शोधायला नव्हे. पण हे कलाआत्यांना कोण सांगणार?

"आजोळ कुठलं? आजीचं माहेर? पणजी कोणत्या गावची?" मी फॉर्म पुढ्यात घेऊन विचारत होते. ज्या घरांत स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, त्यांची माहिती गोळा करणं हे माझं काम. त्या घरच्या तरुण मुलाची, श्रीमंतची, आई त्याच आजाराने गेली होती. तो समोर बसून मुकाट उत्तरं देत होता... आणि त्याच्या कलाआत्या मला वरून खालपर्यंत न्याहाळत होत्या.

"पोरी, जमीन किती ते न्हाई इचारलंस," त्या शेवटी म्हणाल्या. "आन संगं मोठं मानूस कसं कुनी न्हाई आलं?"

आणि पोह्यांच्या दोन बशा पुढे आल्या!

अगं बाई! श्रीमंतचे कान लाल झाले. तोंड लपवायला त्याने भराभर पोहे खायला सुरुवात केली.

"अहो, खाऊ नका! खाल्ल्यावर अर्धा तास नमुना घेता येत नाही."

"मग थांबा की अर्धा तास. पोहे घ्या," तो म्हणाला.

"मी स्थळ म्हणून आले नाहीये." मी बशी बाजूला सरकवली.

वेळ काढायला त्याने गोठा दाखवला.

"ही एचएफ, विलायती गाय. हिच्या बापाची, आज्याची समदी नोंद हाय. दूध किती देईल ते आधीच सांगत्यात."

"आणि ती देशी गीर?"

"तिचं न्हाई सांगता येत. दुधाच्या अंदाजाचा तक्ता एचएफवरनं केलेला. गीरीला लावला तर चुकतो."

मी चमकून त्याच्याकडे बघितलं. जे समजावताना मी दोन वर्षं घसा कोरडा करत होते, ते हा सहज बोलून गेला.

"माझंही तसंच झालंय," मी म्हणाले. माझी आईही स्तनाच्या कॅन्सरने गेली, मागोमाग मावशी. मी परदेशी कंपनीची चाचणी केली, तर उत्तर आलं — तुमच्या वंशासाठी धोक्याचा अंदाज उपलब्ध नाही. त्यांचं सगळं गणित गोऱ्या लोकांच्या नमुन्यांवर. त्याच दिवशी ठरवलं, आपल्या धोक्याचा आकडा कळेपर्यंत लग्न करायचं नाही. आणि आपल्या लोकांचे नमुने जमल्याशिवाय आकडा कुठला यायला? म्हणून ही नोकरी धरली.

त्याने गीरीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "म्हंजे तुमी गीर."

"मला गाय म्हणताय?"

"लई मान हाय तिला आमच्याकडं."

अर्धा तास झाला. मी नळी बाहेर काढली, तेवढ्यात आत्यांनी चहा आणला. श्रीमंतने माझ्या डोळ्यांत बघत निवांत एक घोट घेतला.

"अरेरे... आता पुन्हा अर्धा तास."

चावट कुठला! मला राग यायला हवा होता. आला नाही.

फॉर्ममध्ये शेवटचा प्रश्न होता — पुढे पुन्हा संपर्क केला तर चालेल का? त्याने 'होय'वर तीनदा खूण केली.

संपर्क मात्र त्यानेच केला. रोज. 'मॅडम'ची सुकन्या झाली, 'तुम्ही'चं तू झालं, आणि दोन महिन्यांनी आत्यांचा नमुना घ्यायला मी पुन्हा सोनईला गेले. त्याने गोठ्यातच विचारलं, "लग्न करशील माझ्याशी?"

"श्रीमंत, आकडा यायला दहा वर्षं लागतील. तो वाईटही निघेल... आईचं बघितलंस, पुन्हा तेच बघायचंय तुला?"

पहिल्यांदाच तो हसला नाही.

"आईकडं कुनी येळेवर बघितलंच न्हाई, सुकन्या. तक्ता न्हाई म्हनून मी गीरीकडं जास्त ध्यान देतो. तुला दर वर्साला तपासनीला मी नेईन. आन आकड्यासाठी थांबायचं, तर थांबू की दहा वर्सं..." त्याने माझा हात धरला. "पन लग्न करून थांबू."

माझे डोळे भरून आले. मला हा माणूस आवडतो. फार आवडतो. आणि हे कळायला मला कुठल्याच आकड्याची गरज नव्हती.

"आत्या!" मी गोठ्यातूनच हाक मारली. "पोहे टाका. आज मी स्थळ म्हणूनच आलेय."