तबकडीतल्या बाईचा आवाज

या पेजवरच्या बऱ्याच गोष्टी बनवलेल्या असतात, मलाही कळतं. ही बनवलेली असती तर मी आज निवांत जेवलो असतो. मला तुमचे लाइक नकोत. मला माझे बाबा घरात राहायला हवेत.

मी संघदीप. घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. आम्ही बौद्ध, भूतखेत मानत नाही. आई गेली तेव्हाही बाबांनी शेजाऱ्यांना स्पष्ट सांगितलं होतं, माणूस गेलं म्हणजे गेलं.

म्हणून पहिला संशय मी माणसावरच घेतला.

गाव बिरसी, गोंदियाच्या विमानतळाला लागून. दिवाळीनंतरचा पहिला रविवार. मी आणि माझा कॉलेजातला दोस्त उमेंद्र जुने इंग्रजी सिनेमे आमच्या इकडच्या झाडीबोलीत डब करून यूट्यूबवर टाकतो. रेकॉर्डिंग आमच्या धानाच्या खोलीत. चारही बाजूंनी पोती, त्यामुळे आवाज घुमत नाही. दिवसभर शिकाऊ पायलटांची विमानं डोक्यावर घरघरतात, म्हणून संध्याकाळी ती उतरली की बसायचं.

या वेळचा सिनेमा ब्रिटिश होता. काळा-पांढरा, आमच्या बाबांच्या वयाचा. खेड्यात उडती तबकडी उतरते, एवढीच कथा. तबकडी म्हणजे दोरीला बांधलेलं ताट, नीट पाहिलं तर दोरीही दिसते. हीरो यानाचं दार लोटतो तेव्हा अख्खी भिंत हलते. तिकडच्या लोकांनीही तेव्हा थिएटरात हसूनच घेतलं होतं म्हणे. आम्ही तबकडी सौंदडच्या धानाच्या बांधीत उतरवली आणि शास्त्रज्ञाला कृषी सहायक करून टाकलं.

शेवटी एक सीन आहे. तबकडीचं दार उघडतं. दारात चंदेरी कपड्यांतली एक बाई उभी असते.

तिचे ओठ हलतात... पण आवाज नाही.

मी कुठेतरी वाचलं होतं, की त्या बाईचं बोलणं रेकॉर्ड झालं होतं, पण सिनेमा लागायच्या आधी काढून टाकलं. का काढलं, ते कुणी लिहिलेलं नाही.

"इथं एखादा जोक मारू ना यार," उमेंद्र म्हणाला.

मी म्हटलं, राहू दे. ती जागा रिकामीच सोडली.

व्हिडिओ धो धो चालला. गोंदियापासून चंद्रपूरपर्यंत लोक पोट धरून हसले. कमेंट वाचता वाचता आमची छाती फुगली.

मग एक कमेंट दिसली. "शेवटची बाई कोण? अंगावर काटा आला."

त्याखाली दुसऱ्याने लिहिलं होतं, "कोणती बाई? तिथे तर आवाजच नाही."

दुसऱ्या दिवशी केशोरीहून मामीचा फोन आला.

"संघा, तुह्या मायचा आवाज कोठून आणला रे?"

"कोणता आवाज, मामी?"

"ते तबकडीतली बाई. रुक्माच बोलून राहिली ना. मले म्हणते, वहिनी, येता का?"

रुक्मा म्हणजे माझी आई. तिला जाऊन नऊ वर्षं झाली.

मी हेडफोन लावून तो सीन पाहिला. ओठ हलले...

काहीच नाही.

मनात शंकेची पाल चुकचुकली. हल्ली एआयवर कुणाचाही आवाज बनतो. चार व्ह्यू जास्त मिळावेत म्हणून उमेंद्रनं माझी आई विकली? तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच उमेंद्रच्या घरी गेलो आणि त्याची कॉलर धरली.

"पागल झाला का?" तो म्हणाला. "मी तुह्या मायले कधी पाहिलं भी नाही. आन आवाज बनवाले पहिले आवाज पाहिजे. आहे का तुह्यापाशी?"

नव्हता. फोन समोर धरला की आई तोंडाला पदर लावायची. तिचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही, आणि नऊ वर्षं मला त्याचंच दुःख आहे.

त्याने लॅपटॉप उघडून दाखवला. त्या सीनखाली आवाजाची रेघ सपाट होती.

तरी माझा संशय गेला नाही. माणसावर संशय घेणं सोपं असतं.

त्याच आठवड्यात मामी झोपेतच गेली. शुगर होती, वय होतं. डॉक्टरांनी कारण सांगितलं, मी ते मान्य केलं.

माती आटोपून केशोरीहून परत आलो, तर बाबा ओट्यावर फोन घेऊन बसलेले. पुन्हा पुन्हा तोच सीन लावत होते. आणि फोनला सांगत होते, "थांब ना जराशी. धान तं मळू दे."

मी हातातली पिशवी तिथेच टाकली.

"बाबा, कोणाशी बोलून राहिले?"

"तुही माय. चाला म्हणते."

मी तिथल्या तिथे व्हिडिओ डिलीट केला. बाबांनी फोन खिशात टाकला. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विमानं उतरली. सगळं शांत झालं...

बाबांनी फाटकाकडे मान वळवली. हातात फोन नव्हता.

ते ऐकत होते. मध्येच मान हलवत होते, कुणीतरी घरचं सगळं सविस्तर विचारत असावं तसे.

"मले काऊन नाही आयकू येत?" मी विचारलं. भीती होतीच, पण खरं सांगतो, रागही आला होता. मी तिचा एकुलता एक मुलगा आहे.

"तुले नाही बोलावत ते," बाबा म्हणाले. "तुले कायले बोलावंल?"

त्यानंतर रोज संध्याकाळी बाबा तिला थांब म्हणायचे. तो शब्द ऐकला की मगच मला रात्री झोप लागायची.

काल आमचं धान मळून झालं.

काल ते थांब म्हणाले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले.

आज दुपारपासून बाबा धुतलेला पांढरा सदरा घालून ओट्यावर बसलेत. मी फाटकाला कुलूप लावलंय, आतून खुर्ची टाकलीय आणि फाटकाला पाठ लावून हे लिहितोय. उमेंद्रला फोन केला, तो निघालाय. शेवटचं विमान उतरून बराच वेळ झाला.

मघाशी बाबा उठले. माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे पाहत होते...

"संघा, सरक बाजूले. तिले आत येऊ दे."

मी सरकलो नाही. मागे वळूनही पाहिलं नाही.

बाबा चपला घालताहेत.