रुमालाखालचा भाव

बाहत्तर सालची गोष्ट. श्रीगोंद्याच्या बाजारात लिंबांचा सौदा रुमालाखाली व्हायचा. बोटं दाबायची, भाव समजायचा, तोंडातून ब्र नाही. बाईमाणसाचा हात तिथं कधी जायचा नाही.

पण विजयमालेचा बाप अंथरुणाला खिळलेला, म्हणून गोण्या घेऊन तीच आलेली. आणि आप्पासाहेब व्यापाऱ्यांचा भाचा गहिनीनाथ वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेला. त्यानं न बघताच रुमाल पुढं केला, तिनं बिनदिक्कत हात घातला.

काकणं वाजली तेव्हा त्यानं वर पाहिलं... आणि बोटं सोडायचंच विसरला.

“सोडा की,” ती म्हणाली. “भाव कळला, बानं बोटं शिकवल्यात. मघाशी दोघा व्यापाऱ्यांनी बाईमाणूस म्हनून हळूच तोंडी सांगितला, तोच हाय. तिघांचा एकच कसा वो?”

कसा म्हणजे? तिघं सकाळी मामांच्या चहावर ठरवायचे. गहिनीनाथ ओशाळला. त्यानं वर्तमानपत्रावर बोट ठेवलं.

“परदेशातल्या कापडाच्या रंगाच्या कंपन्यांचं बी असंच हुतं. देश निराळे, भाषा निराळ्या... पन भाव संगंसंगंच वाढायचे. युरोपातल्या कोर्टानं दंड कायम केला त्यांचा. एक कंपनी म्हनली, आमी तुमच्या देशातल्या न्हाईच. कोर्ट म्हनलं, हितल्या तुमच्या दुकानांना हुकूम तुमीच देता ना?”

“पन सापडल्या कशा?”

“भाव वाढवायचे हुकूम एकाच संध्याकाळी सुटलेले. शब्दसुद्धा जवळजवळ तेच.”

विजयमालेनं लुगड्याच्या हिरव्या काठावरून बोट फिरवलं. एवढ्याशा रंगासाठी एवढे देश एका चहाला बसले, आणि कुणीतरी सरहद्दी ओलांडून त्यांना धरलं. तिच्या अंगावर काटाच आला.

“आपल्याकडं कोन धरनार वो?”

“असं संगनमत धरायला दिल्लीत नवा कायदा झालाय. पन आपला बाजार त्याला कवा दिसायचा? आतल्यानंच बोलाया पायजे.” त्यानं मामांच्या गादीकडं नजर टाकली. “मी बोललो तर मामा हाकलून देतील. त्यांच्याच भाकरीवर वाढलोय मी.”

ती नुसती त्याच्याकडं बघत राहिली... आणि तिथंच बिचाऱ्याचा निकाल लागला.

पुढच्या बाजाराला मामांनी रुमाल झटकून हातात दिला. गहिनीनाथनं तो घडी करून खिशात घातला, आणि तिच्या लिंबांचा खरा, चहावर ठरल्यापेक्षा चढा भाव मोठ्यानं पुकारला. बाजारातल्या माना वळल्या. मग बाकीचे शेतकरीही म्हणू लागले, आमचाबी तोंडानं सांगा.

“पुन्हा पायरी चढू नको,” आप्पासाहेब एवढंच म्हणाले.

तो खाली उतरला, तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“दुकान गेलं. आता निस्ता मीच उरलोय. इचारनार का कुनी?” त्याचा हात खिशातल्या रुमालाकडं गेला.

“ऱ्हाऊ द्या तो,” विजयमाला म्हणाली, आणि सगळा बाजार बघत असताना तिनं त्याचा हात उघड्यावर धरला.