आधी तू, मग मी

"आधी तू खा... मंग मी!" सारजाबाईंनी रक्तदाबाची गोळी सुनेपुढं अशी धरली, जणू प्रणितानं उंदराचंच औषध आणलं होतं!

पाटोद्यात एसटीडी बूथ चालवणाऱ्या रविची ही आई. घरात फोन आला, रंगीत टीव्ही आला. पण सासूचा सुनेवरचा भरवसा काही आला नाही! त्यात शेजारच्या वच्छलाबाईंनी कानात घातलेलं, "जन्मभराची गोळी म्हंजी जीव सुनेच्या हाती, अक्का!" इकडं डॉक्टरांनी बजावलेलं, गोळी चुकली तर लकवा मारेल.

पहिल्या दिवशी प्रणितानं हसत गिळली. दुसऱ्या दिवशीही... असे तीन महिने! तिच्या सव्वीस वर्षांच्या निरोगी काळजाला कसली घाई नव्हती. तरी ती गोळी त्याला रोज दटावत होती... हळू, अजून हळू! उठलं की डोळ्यांपुढं अंधारी, दोन पायऱ्यांत दम, बोटं गार.

"माजा दाब उतरला, अन् हिचं पाणी काहून उतरलं?" सारजाबाई हिणवत. "चालती बघा, माझ्याहून म्हातारी!"

रविही कातावला. "महिन्याच्या गोळ्या पंधरा दिवसांत संपत्यात कशा?"

"सांडतात," ती म्हणाली.

खरं सांगितलं असतं तर माय-लेकात कायमची भिंत... आणि रागानं सासूबाईंनी गोळीच सोडली तर? त्या धास्तीनं ती रोज गोळी गिळत राही!

श्रावणी सोमवारी, निरंकार उपवासात, महादेवाला प्रदक्षिणा घालताना ती कोसळली.

डॉक्टरांनी मनगट धरलं आणि दचकलेच. "ठोके अवघे चाळीस! काय खाते ही?"

"कायच न्हाई," रवि म्हणाला.

प्रणितानं डोळे उघडून सासूकडं पाहिलं, हलकेच मान हलवली... बोलू नका! ती मान पाहिली आणि सारजाबाईंचा बांध फुटला.

"मी खाऊ घातली, डाक्टर! माझीच गोळी... रोज! लेकरावर संशय घेतला रे मी, रवि!"

"अहो, तुमच्या हृदयावरचा भार उतरवते, तीच गोळी हिच्या धडधाकट हृदयाची चाल मोडते! आता एकदम बंद नको. अर्धी-अर्धी करत सोडवू."

रवि महिनाभर आईशी बोलला नाही. सारजाबाई रोज सकाळी सुनेचं मनगट धरून बसत. त्यांना विसापर्यंतच मोजता येई. रवि घड्याळ धरी, तेही तोंड फिरवून.

"दोन विसा अन् पाच..." त्या पुटपुटत, आणि दिवसभर घरात येरझाऱ्या घालत.

एके सकाळी त्यांनी दोनदा मोजलं. "तीन विसा... अन् आठ! रवि, आरं बरोबर हाय का?"

"बरोबर हाय, आई," रवि म्हणाला. महिन्यातला पहिला शब्द!

प्रणिता लगबगीनं उठली. अंधारी आली नाही. "आत्याबाई, तुमची गोळी राहिली!"

"कवाच गिळली," सारजाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "तुज्या हातानं भरलेल्या डबीतली... कुणाला आधी न चारता."