लाल, गोल, जड

"मला खोटी ठरवायची असेल तर आत्ताच सांगा. मी दुसरीकडे जाते." खुर्चीत बसायच्या आधीच ती म्हणाली.

वकीलबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "भांडण बसूनही करता येतं. बसा."

भाऊजी गालातल्या गालात हसले. वकीलबाई त्यांची मेव्हणी. तिनं वकिली सोडून खासगी तपासाची कामं घ्यायला लागल्यापासून तिच्याकडे रडत येणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. भांडत येणारी ही पहिलीच. भाऊजी टपाल खात्यातून निवृत्त झालेले, विधुर, मेव्हणीच्या शेजारीच राहणारे. तपासात आपला उपयोग काय, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. पण पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते सोबत गेले की लोक दार उघडत, एवढं खरं.

मुलगी फिजिओथेरपिस्ट होती. दोन्ही हात टेबलावर ठेवून ताठ बसली. उजव्या अनामिकेत रुंद अंगठी, तिच्यावर दोन समांतर, उठावाच्या रेघा.

"लग्न ठरल्याची?" भाऊजींनी विचारलं.

"हो. जोडीची आहे. मीच रेखाटून घडवून घेतल्या, एक माझी आणि एक त्याची. अशा दोनच आहेत."

"वा! अभिनंदन."

"थांबा काका. आधी ऐकून घ्या."

तिच्या होणाऱ्या सासऱ्यांचा मातीच्या भांड्यांचा कारखाना होता, घराला लागूनच. गेल्या आठवड्यात ते कारखान्यातल्या झिलईच्या, म्हणजे भांड्यांना चकाकीचा लेप द्यायच्या, खोलीत मेलेले सापडले. डोक्याला जखम. स्टुलावरून घसरले आणि दगडी कट्ट्यावर आपटले, असं सगळ्यांनी धरलं. त्या संध्याकाळी घर सुन्न बसलेलं असताना ही एकदम ओरडली होती, "पडले नाहीत ते. मारलंय त्यांना. लाल, गोल, जड अशा कशानं तरी!"

"मला स्पर्शातून कळतं," ती म्हणाली. "लहानपणापासून. घरात सगळे चिडले, कुणी हसलंसुद्धा. त्या घरात लाल भांडंच नाही, सगळा माल काळा. मग डॉक्टरांचा अहवाल आला. जखम कट्ट्याच्या धारेची नाही, गोलसर वस्तूच्या घावाची आहे. आता इन्स्पेक्टर विचारतायत, तुला आधीच कसं कळलं? उद्या सकाळी चौकीवर बोलावलंय. बहुतेक परत सोडणार नाहीत."

"कशाच्या स्पर्शातून कळलं?"

मुलीनं आपल्या हातांकडे पाहिलं. "ते नाही सांगणार."

"अहो, इतकं लपवून तपास कसा व्हायचा?" भाऊजी म्हणाले.

"मी उत्तर आधीच सांगितलं तर तुम्ही माझी री तरी ओढाल, नाहीतर मला हसाल. तुम्ही तुमच्या वाटेनं या. दोघी एकाच दाराशी पोचलो तर मी खरी." ती उठली. "आणि मी खरी ठरले तर माझं काय जाईल, ते माझं मला माहीत आहे. जाऊ दे गेलं तर. वेडी म्हणवून घेऊन जगायचं नाही मला."

ती गेल्यावर भाऊजी म्हणाले, "तुमचा विश्वास बसला?"

"स्पर्शावर नाही," वकीलबाई म्हणाल्या. "मुलीवर बसला. चला, बूट घाला."

*

झिलईची खोली अरुंद होती. भिंतीला फळ्या, फळ्यांखाली बादल्या. मालकांची बहीण, जिला सगळे आत्या म्हणत, चाळणीतून कसलासा द्रव गाळत होती. वाट करून देताना भाऊजींची बाही एका बादलीच्या काठाला लागली आणि मनगटापासून कोपरापर्यंत गंजासारखा लाल पट्टा उमटला.

"अरे देवा! आजच धुतलेला."

"साध्या पाण्यानं जाईल हो," आत्या म्हणाली. "थोडी झाक राहील. तुम्हाला काळा लागला."

भाऊजींनी बाहीकडे पाहिलं, मग आत्याकडे. बाईंना मोतीबिंदू असावा, असं त्यांच्या मनात आलं.

"मालकांच्या डोक्याला ही पूड लागली होती का?" वकीलबाईंनी विचारलं.

"दादाच्या केसांत, कानांत, भुवयांत, कुठे नसायची ही पूड? जन्म गेला त्याचा ह्याच्यात. तोच म्हणायचा, मला जाळायची गरज नाही, अर्धा भाजलेलाच आहे." आत्या हसली आणि हसता हसताच तिनं पदर डोळ्याला लावला.

"आणि सूनबाई ओरडली तेव्हा?"

"तुम्हाला सांगते, अंगावर काटा आला. बिचारी धाकट्याचा, होणाऱ्या नवऱ्याचा, हात धरून गप बसली होती. एकदम झटका बसल्यासारखी उठली. तसं पाहिलं तर वाईट नाही हो पोरगी. पण असलं बोलणं ह्या घराला..." आत्या थांबली. "ह्या घराला सोसत नाही."

बाहेर थोरला मुलगा भट्टीतून काढलेला माल लावत होता. औषधं कुटायचे जाड बुडाचे खल, ओळीनं, सगळे काजळासारखे काळे. तोंडानं त्याची कुरकुर चालूच होती. त्याचं आणि बाबांचं रोज वाजायचं, हे त्यानं न विचारताच सांगून टाकलं.

"वाजायचं म्हणजे मारामारी नाही. ते म्हणायचे भट्टी हळू तापव, मी म्हणायचो गॅस फुकट येत नाही. त्या दिवशी दुपारी माल भरला, जेवायला गेलो. आलो, दार लावलं, पेटवली. आतल्या खोलीत बाबा पडलेत हे... मी डोकावलोसुद्धा नाही." त्यानं तोंड फिरवलं. फिरवलं ते कोपऱ्यातल्या रद्दी मालाकडे, आणि तिथे त्याला रागवायला काहीतरी सापडलं. "आत्या! हा खल तू ठेवलास ना भट्टीत? बघ काय ध्यान झालंय! ठिकठिकाणी टक्कल!"

"मी कशाला असला ठेवीन?" आत्या आतूनच कडाडली. "हात लागून झिलई उडाली तर ब्रशनं पुन्हा लावायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आपली झिलई घट्ट, वितळली तरी वाहत नाही. ओरखडासुद्धा बुजत नाही. आणि मला शिकवतोस?"

"मग काय भुतानं ठेवला?"

वकीलबाईंनी तो खल उचलला. भाऊजींना तो नुसता नासका खल दिसला. काठावर एक मोठा तपकिरी उघडा डाग, बाजूला चार-पाच लहान. "हा मी थोडा वेळ घेऊ?"

"कायमचाच घ्या. दार अडकवायला बरा."

घरात वरच्या मजल्यावर एक खोली नुकतीच रंगवलेली होती. एकट्याचा पलंग, नवी चादर, आणि खिडकीशी कुंभाराचं बुटकं जुनं चाक, दुरुस्त करून, तेलपाणी करून ठेवलेलं.

"नव्या जोडप्यासाठी का ही?" भाऊजींनी विचारलं.

"हो, हो," आत्या घाईनं म्हणाली. "दादानंच तयार करून घेतली."

"सूनबाईंना चाक चालवता येतं?" वकीलबाईंचा प्रश्न.

"तिला? छे, चिखलाला हात लावत नाही ती." एवढं बोलून आत्या जिन्याकडे वळली.

धाकटा दिवाणखान्यात भेटला. देखणा, मृदू बोलणारा, उंचापुरा. विक्रीचं काम बघायचा. "कारखान्यात मी वर्षानुवर्षं पाऊल टाकलेलं नाही. धुळीनं दमा उठतो. आई आम्ही लहान असतानाच गेली, बाबांनी एकट्यानं वाढवलं. आता हे." त्यानं सुस्कारा सोडला. "तिच्यावर रागवू नका, बाई. थोडी कल्पनेत रमते. मी तिला म्हटलंय, चारचौघांत एकदा कबूल कर की मी मनाचं बोलले. मग पोलिसांचं मी बघतो."

"कबूल केलं नाही तर?"

"तर मी तरी किती पुरा पडणार?"

"तुमची अंगठी दिसत नाही."

"सैल होत होती. सोनाराकडे दिलीय."

भाऊजींना तो फार समजूतदार वाटला. बाहेर आल्यावर तसं ते म्हणालेही. वकीलबाई म्हणाल्या, "भाऊजी, शर्ट बदलू नका. आज तुमचा शर्टच साक्षीदार आहे."

*

त्याच दुपारी सगळे कारखान्यात जमले. इन्स्पेक्टर घड्याळ बघत दाराशी उभे राहिले. सूनबाई भट्टीला टेकून उभी होती. धाकटा तिच्याजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "अजून वेळ आहे गं. म्हण की खोटं होतं. मी आहे ना."

"नाही म्हणणार," ती म्हणाली. आवाज मात्र तिनं अजिबात हळू ठेवला नाही.

वकीलबाईंनी भाऊजींना पुढे बोलावलं. "भाऊजी, बाहीवर कोणता रंग आहे?"

"लाल. कुणीही सांगेल."

"आत्या, तुम्ही सकाळी काय म्हणालात?"

"काळा," आत्या म्हणाली, आणि तिचा हात तोंडावर गेला. "अगं बाई!"

"भाजायच्या आधी ही झिलई लाल असते, भट्टीतून निघते ती काळी. तुम्ही जन्मभर ती कालवली. तुम्हाला बादलीतसुद्धा काळाच दिसतो, कारण तो पुढे काय होणार ते ठाऊक आहे. म्हणून सूनबाई लाल म्हणाल्या तेव्हा तुम्ही घरातली माणसं म्हणालात, आमच्याकडे लाल भांडंच नाही. त्या दुपारी फळीवर भट्टीची वाट बघत लाल भांडी होती. गोल, जड."

वकीलबाईंनी टक्कल पडलेला खल कट्ट्यावर ठेवला.

"मारेकऱ्यानं यातला एक उचलला आणि घाव घातला. मग तो भरलेल्या भट्टीत सरकवला. थोरल्यांनी जेवून येऊन दार लावलं. आगीत रक्त जळालं, लाल होतं ते काळं झालं. यापेक्षा चांगली लपवायची जागा सापडली नसती. पण कच्ची झिलई हाताला पुसून येते, आणि जिथून पुसली तिथे भाजल्यावर उघडी माती राहते. हा काठावरचा डाग घावाचा. हे लहान डाग बोटांचे. पकड भाजून पक्की झाली आहे, इन्स्पेक्टर. आता पाण्यानं जाणार नाही."

थोरला खलाकडे बघत राहिला. "आणि मी हा दार अडकवायला देत होतो."

"तुम्ही किंवा आत्यांनी केलं असतं, तर भट्टीत ठेवण्याआधी ब्रशचा एक हात फिरवला असता. तुमचे हात ते आपोआप करतात. ज्यानं हे केलं त्याला माती कळत नाही. घरात अशी माणसं दोनच. सूनबाई आणि धाकटे."

वकीलबाईंनी खल फिरवला.

"अनामिकेच्या डागाखाली बघा. दोन समांतर ओरखडे. दोन उठावाच्या रेघांची अंगठी. अशा अंगठ्याही दोनच आहेत."

इन्स्पेक्टरांची नजर सूनबाईच्या हाताकडे गेली. धाकटा झटकन म्हणाला, "अगं, हे काय केलंस तू?"

सूनबाईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग कट्ट्याशी आली आणि सगळ्यांदेखत खल उजव्या हातात धरला. तिची बोटं डागांच्या निम्म्यापर्यंतही पोचली नाहीत. तिनं अंगठी काढून ओरखड्यांवर टेकवली. रेघांवर रेघा बसल्या.

"माझा हात नाही," ती म्हणाली. "ये. आता तू धर."

"हा काय पोरखेळ आहे?"

"त्या संध्याकाळी तुझा हात मीच धरला होता. आज पुन्हा धरते." तिनं त्याचं मनगट पकडलं. फिजिओच्या पकडीतून सुटणं सोपं नसतं. तिनं त्याचा पंजा खलावर टेकवला, एकेक बोट जागेवर ठेवलं. कुठे तसूभरही फरक पडला नाही.

"पण कारण काय?" भाऊजींना राहवेना. "बापाला कुणी असं उगीच..."

"वरच्या खोलीतलं चाक," वकीलबाई म्हणाल्या. "थोरल्यांची आणि आत्यांची चाकं इथे खाली आहेत. सूनबाई चिखलाला शिवत नाहीत. मग पलंगाशेजारी चाक कुणासाठी, आत्या?"

आत्या खालीच बसली. "वहिनीसाठी," ती म्हणाली. "मेली नाही ती. तिलाही असंच कळायचं, हात लावला की. लोक बोलायला लागले. दादानं तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं आणि गेली म्हणून सांगितलं. मीही तोंड शिवून बसले. ही पोरगी घरात आली, घडाघडा खरं बोलायला लागली, आणि दादाची झोप उडाली. म्हणाला, आपण शहाणी बाई कोंडली. तिला घरी आणतो."

"आणा ना!" धाकटा ओरडला. मृदू आवाज कुठल्या कुठे गेला होता. "कारखान्याची जागा तिच्या नावावर आहे! सगळं विकायचं ठरलं होतं, बाबांनी हो म्हटलं होतं. ती वेडी असली तर घरच्यांची सही चालते, शहाणी ठरली की तिची लागणार. एका वेडीसाठी सगळं मोडायला निघाले होते ते!"

थोरला सावकाश त्याच्यासमोर आला. "आई जिवंत आहे हे तुला माहीत होतं? आणि तिच्या नावानं माझ्याबरोबर रडायचास?"

इन्स्पेक्टरांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्याला नेल्यावर वकीलबाई सूनबाईजवळ गेल्या. "अंगठीच्या खोबणीत लाल पूड राहिली होती. हात धुतला तरी ती निघाली नाही. तुमच्या नजरेला ती दिसली, मनाला मान्य करवेना. म्हणून ते स्पर्शातून आलं. जबाबात तसं लिहू या. कोर्टात टिकेल."

"आणि गोल? जड? ते कुठल्या खोबणीत होतं?"

लिहायला काढलेल्या पेनाला वकीलबाईंनी परत टोपण लावलं. भाऊजींनी हे दृश्य इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

"ते मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

"मग लिहा. हात धरला आणि कळलं. पटो न पटो." तिचे डोळे आता भरून आले होते, मान मात्र ताठच होती. "माझं माणूस गेलं बाई ह्याच्यात. निदान खरं ते तरी माझं राहू दे."

*

इस्पितळाच्या फाटकाशी गाडी उभी होती. थोरला आणि आत्या पुढे व्हायला धजेनात. वकीलबाई आतले सोपस्कार उरकत होत्या. भाऊजी नवा शर्ट घालून उभे होते. जुन्याच्या बाहीवर झाक राहिलीच होती आणि तो त्यांनी टाकला नव्हता.

परिचारिकेचा हात धरून एक पांढऱ्या केसांची बाई बाहेर आली. मुलाकडे तिनं पाहिलं, नणंदेकडे पाहिलं. मग अनोळखी मुलीच्या मोकळ्या अनामिकेवर तिची नजर थांबली. तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळानं ओठ हलले. लगेच तिनं घाबरून परिचारिकेकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"बोला, आई," सूनबाई म्हणाली. "काय कळलं ते मोठ्यानं बोला. आता कुणी तोंड दाबायला येऊ दे, मग बघते मी."