कल्ल्यामागची रेघ

"मॅडम, कोल्ड रूममध्ये एक बाई गावलीय. श्वास चालू हाय."

दुपारी चारला बर्फ कारखान्याचा रखवालदार काशिराम याचा फोन आला. वीस मिनिटांत सब-इन्स्पेक्टर समृद्धी घरत पनवेलबाहेरच्या त्या कारखान्यात पोहोचली. जुलै २०१६. पावसाळ्यातली दोन महिन्यांची मासेमारीबंदी चालू होती आणि कारखाना कागदोपत्री बंद होता.

बाईला रुग्णवाहिकेत चढवत होते. ती भावना पाटकर. बंदरांवर फिरून मासळीची लांबी मोजायची आणि अहवाल लिहायचा, ही तिची सरकारी नोकरी. हातांच्या मुठी ठोकून ठोकून सुजल्या होत्या.

"दार कुणी उघडलं?" समृद्धीने विचारलं.

"मीच कुलूप फोडला. दुपारपाळीला आलो, तर आतून ठोकल्यासारखं वाटला." काशिरामने दाराकडे बोट दाखवलं. "आतली कडी मोडलेली हाय. आत गेलेला मानूस कोंडला की कोंडलाच."

समृद्धी आत शिरली. ही मुलगी इथे कित्येक तास होती. गोणपाटं अंगाभोवती गुंडाळून, तेवढ्याच जागेत फेऱ्या मारून ती जगली होती.

भिंतीला लावून मासळीचे क्रेट होते. समृद्धीने एक बांगडा उचलला. बोटभर लांब, अजून एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू. कल्ले लालभडक. कल्ल्यांच्या मागे गळ्याभोवती बारीक रेघ. दुसऱ्यालाही तशीच. तिसऱ्यालाही.

दाराबाहेर भावनाच्या चपला नीट जोडीने काढलेल्या होत्या. आत जाण्यासाठी तिने तिथले गमबूट घातले होते.

कारखान्याचा मॅनेजर प्रितेश संध्याकाळी अलिबागहून आला. सकाळपासून तो कोर्टात तारखेला होता. वकिलाने फोनवर तसं सांगितलं.

"माल कुणाचा?"

"रत्नागिरीच्या पर्ससीनवाल्यांचा. एप्रिलचा स्टॉक आहे, मॅडम."

"भावना इथे आधी आली होती?"

"दोनदा. मी गेटवरूनच हाकललं. मला ती घाबरूनच असायची."

"चाव्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे, एक मच्छीमार सोसायटीत. ते सीझनला रूम भाड्याने घेतात."

सोसायटीचा अध्यक्ष जगन नाखवा. मोठ्या पर्ससीन जाळ्यांविरुद्ध तो दहा वर्षं लढला होता. यंदा सरकारने त्या जाळ्यांवर निर्बंध आणले, ते त्याच्या मोर्च्यांमुळेच असं किनाऱ्यावर म्हणत. भावनाच्या अहवालांचे आकडे तो भाषणात वाचून दाखवायचा आणि ती त्याला सगळ्यांदेखत काका म्हणायची. समृद्धी ऑफिसात शिरली तेव्हा तो खिडकीपाशी उभा होता.

"लय वाईट झालं," तो म्हणाला. "पर्ससीनवाल्यांचंच काम. पोर त्यांच्या डोळ्यात सलत होती."

"तुमच्या बोटी?"

"किनाऱ्यावर. दोन महिने एकपन जाळा भिजला नाय."

"बसा, नाखवा. मी सांगते काय झालं ते."

तो बसला नाही.

"तो माल एप्रिलचा नाही. तीन महिन्यांच्या मासळीचे कल्ले लाल राहत नाहीत. प्रितेश खोटं बोलला, कारण बंदीतला माल ठेवून तो भाडं घेत होता. पण हा माल पर्ससीनचाही नाही. पर्ससीन अख्ख्या थव्याला वेढा घालून उचलतं, मासा जाळ्याच्या आसात, म्हणजे भोकात, अडकत नाही. या प्रत्येक बांगड्याच्या गळ्याला जाळ्याचा काच पडलाय. कल्ल्यात अडकवणारी जाळी इथे कोण टाकतं?"

जगन खिडकीबाहेर बघू लागला.

"तुमची सोसायटी. आसही इतके बारीक की पिल्लूसुद्धा सुटू नये. आता भावना. दार फोडून ती गेली नाही. चपला काढून, गमबूट घालून निवांत गेली. म्हणजे कुणीतरी तिला कुलूप उघडून दिलं. प्रितेशला ती घाबरायची आणि तो अलिबागला होता. उरली तुमची चावी. आणि या सोसायटीत ती ज्याला काका म्हणते असा एकच माणूस."

"मोठ्या बोटींनी धा वर्षं समुद्र खरवडला," जगन शेवटी म्हणाला. "बंदी उठल्यावर आमच्या वाट्याला काय ऱ्हातं? म्हनून आमी बंदीतच मासा काढला. कोन थांबनार? थांबला तो उपाशी. पोरीला कुनकुन लागली. म्हनली, काका, खोली उघडून दाखवा, तुमच्यावरचा संशय निघून जाईल. तिनं मोजला, आनि माझ्याकडं बघितला. तिनं लिवलं असतं तर आमचा सगळा लढा खोटा ठरला असता."

"म्हणून दार लावलंत."

"माल हलवीपर्यंत. टेम्पो आनायला गेलो, तो जासईला कंटेनरच्या रांगंत दोन तास अडकला. परत आलो तं ती आतून ठोकत होती." त्याने दोन्ही हात टेबलावर टेकले. "कुलपाला हात लावला, मॅडम. पन उघडल्यावर तिच्याकडं कसा बघू? तसाच फिरलो."

समृद्धीचा फोन वाजला. हॉस्पिटलमधून हवालदार बोलत होता. तिने ऐकलं, फोन ठेवला.

"शुद्धीवर आली?" जगनने विचारलं. "काय बोलली?"

"दार मागून आपोआप लागलं असं तिला वाटतंय. ती विचारतेय, जगनकाका बाहेर एकटे होते, त्यांना कुणी काही केलं तर नाही ना?"

जगन तेव्हा खाली बसला. खुर्चीवर नाही, जमिनीवर.