पाचच्या सुमारास सरकणारी गाडी

"तुझ्या मामाची गाडी रोज थोडी माझ्याकडे सरकते," घड्याळवाले आजोबा म्हणाले.

मोजणीनं "हो का?" म्हणून विषय संपवला. तिला घाई होती. सुट्टीचा दुसराच दिवस होता, बाहेर गारठा मी म्हणत होता, आणि तिला तिच्या घड्याळाचा पट्टा घेऊन घरी पळायचं होतं.

"चारला गाडी लागते," आजोबा पुढं म्हणाले, "आणि पाचच्या सुमारास तिचे दिवे जरा मोठे होतात."

आजोबांचं दुकान उताराच्या अगदी तळाशी होतं. तिथं गल्ली संपायची. ते गल्लीकडे पाठ करून बसायचे आणि समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाच्या काचेत त्यांना मागचा उतार दिसायचा. पण डोळ्याला भिंग लावून काम सुरू केलं की तेही दिसायचं नाही. टिकटिकीनं डोकं उठतं म्हणून कानातलं यंत्र काढून ते डबीत ठेवत. अशा माणसाचं बोलणं कोण मनावर घेणार?

मामाच्या घरी येऊन तिनं ते हसत हसत सांगितलं. तिचा मामेभाऊ मात्र हसला नाही. प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो म्हणून सगळे त्याला वकील म्हणत.

"साक्षीदार म्हातारा आहे म्हणून साक्ष खोटी ठरत नाही," तो म्हणाला. "तू एरवी पोळपाटाचासुद्धा घेर मोजतेस. मग हे का नाही मोजलंस?"

हे तिला लागलं. तिला मोजणी हे नाव उगाच पडलं नव्हतं. खिशात मोजपट्टी असल्याशिवाय ती घराबाहेर पडत नसे.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मामा आला. तो घरोघर जाऊन शिलाई मशिनं दुरुस्त करायचा आणि टेकडीपलीकडच्या वस्तीतून लांबलचक घाट उतरून परतायचा. त्यानं नेहमीसारखी घराच्या पिवळ्या फाटकासमोर, तोंड उताराकडे करून गाडी लावली आणि हात चोळत आत गेला. मोजणीनं पुढच्या चाकापाशी खडूची रेघ मारली. मग तिघं खिडकीत बसले. तिसरा म्हणजे तिचा धाकटा भाऊ शेपूट. ताई जाईल तिथं तो जायचाच.

"चोर असेल तर?" शेपटानं विचारलं.

"रोज येऊन वीतभर गाडी चोरणारा चोर? वर्षभरानं कोपऱ्यावर पोचेल बिचारा," वकील म्हणाला.

पाचला दहा मिनिटं कमी होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गाडीखालून 'टक्' असा बारीक आवाज आला आणि ती आपली आपण पुढं सरकली. रस्त्याला आडवी जाणारी पाण्याची उथळ पन्हळ होती, तिच्यात पुढची चाकं बसली आणि गाडी थांबली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग धावत खाली.

"एकवीस सेंटिमीटर," मोजणी म्हणाली. तिनं उतारावरून खाली पाहिलं. पन्हळ नसती, तर सरळ रेषेत पुढं फक्त आजोबांची पाठ होती.

गाडीच्या काचेतून वकिलानं आत डोकावून पाहिलं. समोर दोन चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. मामीच्या अक्षरात: 'न्यूट्रलमध्येच ठेवणे.' मामाच्या अक्षरात: 'हँडब्रेक हलका ओढणे.'

"हा आमच्या घरातला तह आहे," तो म्हणाला. "थंडी पडली त्या आठवड्यात बाबांनी गाडी गिअरमध्ये ठेवली होती. आईनं सकाळी क्लच न दाबता किल्ली फिरवली, गाडीनं उडी मारली आणि चार कुंड्या फुटल्या. मग एकदा आईनं हँडब्रेक करकचून ओढला, तो रात्रीत गोठला, आणि बाबांना चाकावर गरम पाणी ओतत बसावं लागलं. तेव्हापासून दोघं एकमेकांचं ऐकतात."

"म्हणजे गाडीला धरून कोण ठेवतं?" शेपटानं विचारलं.

वकिलानं दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या.

सकाळी तिघं नाक्यावरच्या गॅरेजवाल्या मावशींकडे गेले. मावशी एका गाडीखाली होत्या. फक्त बूट दिसत होते. बुटांनी सगळं ऐकून घेतलं.

"घाट उतरताना ब्रेक लावून लावून चाकातली चकती तापते," मावशी बाहेर सरकत म्हणाल्या. "तापली की फुगते. त्या वेळी हँडब्रेक हलकाच ओढला तरी पकड पुरेशी वाटते. मग चकती गार होते, आकसते, आणि पकड सुटते. अशा थंडीत तर लवकरच."

"म्हणून पन्नास मिनिटांनी," मोजणी वहीत लिहीत म्हणाली.

"दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. हँडब्रेक गोठतो हे खरंच. म्हणून तर गाडी गिअरमध्ये ठेवायची! तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्समध्ये, आणि चाकाला ठोकळा. सकाळी किल्लीआधी क्लच तळापर्यंत दाबायचा. गारठ्यानं गिअरबॉक्समधलं तेल मधासारखं घट्ट होतं. क्लच दाबला की ते ढवळायचं ओझं इंजिनावर पडत नाही, आणि गाडी उडीही मारत नाही. सुरुवातीला गिअर जड पडतात, ते सावकाश टाकायचे. सांग तुझ्या मामाला."

मोजणीनं जेवताना सांगितलं. मामानं घास संपवून तिच्या डोक्यावर टपली मारली.

"वीस वर्षं गाडी चालवतोय मी. एवढीशी सरकते आणि पन्हळीत बसते, माहितीय मला. पन्हळ आहे ना?"

"मोठी माणसं एखादी गोष्ट माहितीय म्हणाली की ती संपलीच," वकील नंतर पुटपुटला.

त्या रात्री कडाक्याची थंडी पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला मोजणी फाटकापाशी आली आणि जागीच थबकली. वरच्या नळाचं पाणी पन्हळीतून वाहता वाहता गोठलं होतं. पन्हळ काठोकाठ बर्फानं भरली होती. तिनं पट्टी उभी धरली. खोली शून्य.

ती मामीला उठवायला गेली. मामी रुग्णालयातली पाळी करून नुकतीच झोपली होती. "मामाला सांग गं," म्हणत तिनं कूस बदलली. मामा चारला आला, गाडी लावली, आणि "आधी आंघोळ, मग काय ते बोल" म्हणून न्हाणीघरात शिरला. कडी लागली. पाण्याचा आवाज सुरू झाला.

मोजणीचं डोकं मात्र चालत होतं.

"गाडीच्या पुढं कुणी उभं राहायचं नाही," ती म्हणाली. "आत बसायचं नाही. शेपटा, तू कडेकडेनं आजोबांकडे जा. हाक मारू नकोस, ऐकू येणार नाही. हाताला धरून त्यांना मागच्या खोलीत ने. वकिला, जिन्याखालचं वाळूचं पोतं काढ."

"आणि बाबा?"

"त्यांना बाहेर आणायचं काम तुझं."

दोघांनी कडेला उभं राहून पन्हळीच्या बऱ्याच खालपर्यंत वाळू भिरकावली. बोटं बधिर झाली. साडेचार वाजले. मामा टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आला आणि चहाचा कप घेऊन बसला.

"बाबा, पन्हळ गोठलीय म्हटलं तर तुम्ही 'माहितीय' म्हणाल. गाडी पन्हळीच्या पुढं जात नाही असं तुमचं म्हणणं आहे," वकील म्हणाला. "मग हा चहा तुम्ही गाडीशेजारी उभं राहून प्यायला काय हरकत आहे? हरकत घेतलीत तर तुम्हाला भीती वाटते असं मी मामाश्री विरुद्ध मोजणी या खटल्यात नोंदवतो."

"थंडी वाजते म्हणून हरकत आहे."

"म्हणजे भीतीच."

"उद्धट कार्टं," म्हणत मामा स्वेटर चढवून कपासह बाहेर आला. दाराशी उभा राहून त्यानं एक घोट घेतला. "बघ. कुठं हलतेय?"

टक्.

गाडी सरकली. पन्हळीशी आली. थांबली नाही. बर्फावरून तिची चाकं अशी गेली, जशी पन्हळ तिथं कधी नव्हतीच.

कप खाली पडून फुटला. मामा चपला सोडून धावला. त्यानं दार उघडलं, स्वतःला आत झोकून दिलं आणि ब्रेकवर पाय रोवला. चाकं थांबली, पण गाडी थांबेना. ती गोठलेल्या रस्त्यावरून घसरत राहिली. मोजणीला दुकानाची खिडकी दिसत होती. खिडकीत आजोबांची पाठ होती, आणि शेपूट अजूनही त्यांचा हात ओढत होता. आजोबांच्या दुसऱ्या हातात चिमटा, चिमट्यात इवलंसं चाक. ते उठायलाच तयार नव्हते.

"ओढ," मोजणी तोंडातल्या तोंडात म्हणाली. "ओढ, ओढ."

शेपटानं शेवटी एकच केलं. त्यानं चिमट्यातलं चाक हिसकलं आणि मागच्या खोलीत पळाला. आजोबा ओरडत त्याच्यामागे धावले. खुर्ची रिकामी झाली.

त्याच क्षणी चाकांखाली वाळू करकरली. गाडी मंदावली, आणखी मंदावली, आणि पुढच्या दिव्यानं खिडकीची एक काच फोडून उभी राहिली. काचेचे तुकडे रिकाम्या खुर्चीवर पडले.

मग मामानं क्लच दाबला, गिअर रिव्हर्समध्ये टाकला, हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला आणि अनवाणीच बाहेर आला. खुर्चीवरच्या काचा पाहून तो पायरीवर बसला.

"मी तुझं ऐकायला हवं होतं," तो मोजणीला म्हणाला. "जेवतानाच."

"मीसुद्धा आजोबांचं ऐकलं नव्हतं," ती म्हणाली. आवाज ऐकून धावत आलेल्या मामीनं तिला आपल्या शालीत ओढून घेतलं आणि दुसऱ्या हातानं वकिलाला.

"तिघांनी मिळून एका माणसाचा जीव वाचवलात," मामी म्हणाली. "आणि मी कूस बदलली."

आजोबांना सगळं समजायला वेळ लागला. त्यांनी कानात यंत्र घातलं, पुन्हा सांगायला लावलं, मग शेपटाची बंद मूठ हलकेच उघडून ते इवलं चाक पाहिलं.

"माझं चाक पळवणारा पहिलाच चोर आहेस तू," ते म्हणाले. "असाच पळवत जा." त्यांचे डोळे भरून आले होते.

तर मुलांनो, गारठ्याचे दिवस आले की एक काम करा. तुमच्या घराजवळच्या उतारावर कुणी गाडी लावून आत गेलं असेल, तर तिच्या पुढं न जाता, कडेकडेनं तळाशी जा आणि तिथं कोण बसतं ते बघा. त्यांना ऐकू येतं का ते विचारा, आणि वर उतारावर गाडी उभी आहे हे सांगा. आजच जाऊन या.