गव्हाच्या कोठीतली किल्ली

मी केरू. फुलशेती करतो. मला गोष्टी रचता येत नाहीत. जे झालं तेवढंच सांगतो.

गेल्या मार्गशीर्षातली संध्याकाळ. गंगापूर रोडच्या पुढे, मळ्यातलं आमचं घर. माझी बायको मीना जाऊन महिना होत आला होता.

ती बँकेत होती. नगरपालिकेचे पैसे दुसऱ्या एका बँकेत असतात. ती बँक बुडाली तरी लोकांचे पैसे बुडू नयेत, म्हणून त्या बँकेने दिलेलं तारण मीनाच्या बँकेत सांभाळायला असायचं. त्या तिजोरीला दोन किल्ल्या. एक मॅनेजरकडे, एक मीनाकडे. एकट्याने ती उघडतच नाही.

किल्ली कुठे ठेवते, हे तिने मलाही सांगितलं नव्हतं. तसा नियमच होता.

त्या दिवशी तिच्या हाताखालची स्नेहल आली.

"काका, उद्या नगरपालिकेचे लोक तारण बघायला येणार. मॅडमची किल्ली नाही मिळाली, तर हरवली असं लिहून द्यावं लागेल."

"कुणी हरवली म्हणून?"



सगळ्या नोकरीत मीनाकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. आता मेल्यावर दाखवणार?

आम्ही कपाट उपसलं. देवघर बघितलं. गाद्या उलटल्या. किल्ली नाही.

दिवेलागण झाली. दोघं बाहेरच्या खोलीत टेकलो होतो.

आणि स्वयंपाकघरातून...

खसर... खसर...

गव्हात हात फिरवल्यासारखा आवाज.

तो माझ्या ओळखीचा होता. मीना रोज कोठीत हात घालायची. मला वाटायचं, किडे बघते. एकदा विचारलं, "काय शोधतेस गं?"

"तुमच्यासाठी दुसरी बायको. सापडली की हाक मारते."

स्नेहलने माझा दंड धरला. "काका, आत कोण आहे?"

"कोणी नाही."

आत गेलो. कोठीचं झाकण काढून खाली ठेवलेलं...

गव्हात कोपरापर्यंत हात घातला. हिरव्या फडक्याची पुरचुंडी हाताला लागली. दोन गाठी मारलेली. आत किल्ली.

स्नेहल ती फडक्यासकट घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"काका, मॅनेजर साहेबांनी त्यांची किल्ली फिरवली. मॅडमची अजून माझ्या मुठीत होती... आणि दार उघडलं."

"तारण?"

"सगळं जागच्या जागी."

मी फोन ठेवला. आधी बरं वाटलं. मग फार वाईट वाटलं.

मीना बँकेत जाते. घरी येत नाही.

कारण त्या संध्याकाळपासून कोठी गप्प होती. तो गहू मी दळायला नेला नाही. भाकरीवर भागवलं.

शेवटी मी आमच्या घराची किल्ली त्या गव्हात पुरली. तशीच, उघडी. म्हटलं, सांभाळायला तरी येईल. रोज दिवेलागणीला कान देऊन बसायचो.

काही नाही.

परवा कोठीत हात घातला. किल्ली होती...

हिरव्या फडक्यात. दोन गाठी मारलेली.

स्नेहलला विचारलं. म्हणाली, "फडकं माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं काका. आता दिसत नाही."

म्हणजे मीना आली होती. मी घरातच होतो, जागा होतो.

मग मला आवाज का आला नाही?